दाराकडची खुर्ची

१

बँकेचे संचालक कात्सुरासाहेब सोफ्यावर ताठ बसले होते. हात मांड्यांवर, कोटाची बटणं लावलेली, मान जरा पुढे झुकलेली. पहारेकऱ्याला वाटलं, डुलकी लागली असावी. त्याने दारातूनच वाकून माफी मागितली, दिवा लावला, आणि मग त्याला दिसलं की साहेबांच्या डोक्याची डावी बाजू जागेवर नाही.

मारुनोउचीतल्या मिनामोरी बँकेच्या मुख्य कचेरीचा नववा मजला, शनिवारची तिन्हीसांज. सुट्टीमुळे इमारत रिकामी. इन्स्पेक्टर कुरामोची पोहोचला तेव्हा पाहुण्यांच्या त्या खोलीत उभं राहायला कोरडी जागा शोधावी लागत होती. दाराकडच्या खुर्चीची पाठ रक्ताने काळी पडली होती, भिंतीवरच्या डोंगराच्या चित्रावर शिंतोडे होते, टेबलाखाली केस चिकटलेला जाड काचेचा ॲशट्रे पडला होता. किती घाव घातले ते मोजायची सोय नव्हती. मारणारा थांबलाच नव्हता. आणि त्या खुर्चीपासून टेबलाला वळसा घालून थेट आतल्या सोफ्यापर्यंत गालिच्यावर एक रुंद, ओला पट्टा उमटला होता.

कुरामोचीने खिशातली जपमाळ हातात घेतली, मृताला नमस्कार केला, ओठांतल्या ओठांत चार शब्द म्हटले. खुनाचा छडा लागेपर्यंत तो मासे-मटणाला शिवत नसे. कचेरीत त्यावरून त्याची टिंगल व्हायची, तो हसून सोडून द्यायचा.

अधीक्षक योनेकुरा खिडकीपाशी सिगारेट ओढत होते. "झाली तुझी पूजा? मग ऐक. दुपारी हार्कनेस नावाचा अमेरिकन आला, तासाभराने धावत बाहेर पडला. ओठ फुटलेला, शर्टावर रक्त. पहारेकऱ्याने डोळ्यांनी पाहिलंय. शेअर खरेदी-विक्रीच्या परदेशी कंपनीचा इथला मुख्य आहे तो. घरी व्हिस्की पीत बसला होता, उचलला."

"आणि हे ओढत नेणं?"

"लपवायला."

"साहेब, सोफा दाराच्या बरोबर समोर आहे. दार उघडलं की पहिला तोच दिसतो. लपवायचंच तर खुर्चीमागे ढकलून मोकळा झाला असता."

"घाबरला असेल. तू त्याच्या मनात शिरू नकोस. सोमवारी सकाळी तो सरकारी वकिलापुढे उभा राहणार, कबुलीसकट. मंत्रालयातून फोन येतायत."

कुरामोचीने जपमाळ खिशात ठेवली. कबुलीसकट वर गेलेला माणूस सहसा परत येत नाही, हे त्याने नोकरीत पाहिलं होतं. पुढे कुणी कागद उलटून बघत नाही. आणि अशा खुनाला शिक्षा म्हणजे दोर. त्यात हवा परक्यांच्या विरोधात पेटलेली. वर्षभरापूर्वी जगातल्या सगळ्यात मोठ्या बँकांची नावं घ्यायची तर एका दमात जपानचीच यायची. परदेशी कंपन्या इथे वर्षानुवर्षं दारात ताटकळत उभ्या होत्या. नवीन वर्षापासून बाजार कोसळत निम्म्यावर आला, आणि त्या पडझडीत कमाई केली ती याच दारात उभ्या असलेल्यांनी. हार्कनेस फासावर गेला असता तर पुष्कळांना रात्री झोप लागली असती.

तो मृताजवळ वाकला. कोटाच्या बटणांवर रक्ताळल्या बोटांचे फराटे उठले होते. सैल पडलेला टाय सरळ करून गाठ गळ्याशी नीट बसवलेली होती. बटणाखाली शर्टाचा भाग मात्र भिजून चिंब.

म्हणजे कोट आधी उघडा होता. कात्सुरासाहेब मेल्यानंतर कुणीतरी त्यांची बटणं लावली होती.

२

रविवारी सकाळी चौकशीच्या खोलीत योनेकुरांनी हार्कनेसची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. फुटलेला ओठ पुन्हा उघडला आणि हनुवटीवरून रक्त टेबलावर ठिबकू लागलं.

"बोल. ॲशट्रे उचललास."

"नाही," हार्कनेस म्हणाला. दहा वर्षं टोकियोत राहून त्याला बोलता बऱ्यापैकी यायचं, भीतीने आता शब्द अडखळत होते. "मारलं त्याने. मला."

"मला दहा मिनिटं द्या साहेब," कुरामोची म्हणाला. "तुम्ही चहा घेऊन या."

योनेकुरांनी खुर्चीला लाथ घातली आणि ते बाहेर गेले. कुरामोचीने पाण्याचा पेला पुढे सरकवला. "भांडण कशावरून झालं?"

"शेअरवरून. बँकेकडे जुन्या गिऱ्हाइकांच्या कंपन्यांचे शेअर आहेत, गिऱ्हाइकांकडे बँकेचे. कुणी विकायचे नाहीत, अशी तोंडी बोली. तीच तुमची ताकद. जगभर आमचा धंदा हिसकावलात तो याच ताकदीवर. आता भाव उतरले, ताकद उतरली. कात्सुराला ते गुपचूप विकायचे होते, माझ्यामार्फत, गिऱ्हाइकांना कळायच्या आत. मी भाव सांगितला. तो म्हणाला, हा भाव सांगायला लाज नाही वाटत, काल-परवापर्यंत आमच्या दारात उभे होतात." हार्कनेसने ओठ पुसला. "मी हसलो. म्हटलं, आज तुम्ही माझ्या दारात आहात. त्याने उलट्या हाताने मारली. अंगठी होती. मी उठून आलो. धावत, हो. आणखी मार खायचा नव्हता."

"म्हणजे सौदा मोडला?"

"छे. लिफ्टपर्यंत त्याचा आवाज येत होता. सोमवारी सकाळी कागद घेऊन या, म्हणत होता."

"त्याआधी बरं चाललं होतं?"

"हो. चहा दिला त्याने. बरा माणूस वाटला तेव्हा. स्वतः उठून बाहेर गेला, ट्रे घेऊन आला, माझ्यापुढे कप ठेवला. एवढा मोठा साहेब, पण काही बडेजाव नाही."

कुरामोची पुढे सरकून बसला.

"हे अधीक्षकांना सांगितलंत?"

"चहाचं? त्यांनी विचारलं नाही. त्यात काय सांगायचं?"

बाहेर योनेकुरांच्या बुटांचा आवाज येत होता. "संध्याकाळपर्यंत सही करतो की नाही बघ," ते दार ढकलत म्हणाले.

३

ओरिए हातानो तोरानोमोनमधल्या दवाखान्यात बसली होती. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत पट्टीत. ती हार्कनेसची दुभाषी. सकाळी कागदपत्रं आणायला आपल्या कंपनीच्या कचेरीत गेली, तर पायरीवर उभ्या असलेल्या एका माणसाने 'परक्यांची कुत्री' म्हणत कागद कापायच्या सुरीने तिचा हात उभा चिरला होता.

"सापडला तो?" कुरामोचीने विचारलं.

"पळालाच नाही. तिथेच बसून रडत होता. नवऱ्यामुलासारखा सूट घातलेला. त्याच्या बापाने घर गहाण टाकून शेअर घेतले होते म्हणे." तिने पट्टीकडे पाहिलं. "मला आधी राग आला, मग आलाच नाही. तुम्ही साहेबांचं विचारायला आलात ना? मी नाही मारलं. मारावंसं मात्र पुष्कळदा वाटलं."

"का?"

"मिनामोरीत मी त्यांच्याच खात्यात होते. इंग्रजी शिकलेली म्हणून घेतलं आणि चहाच्या खोलीत उभी केली. परदेशी कंपनीत का गेलात, असं सगळे विचारतात. कुठल्या खुर्चीत कोण बसणार, हे तिथे लक्षात ठेवावं लागत नाही म्हणून गेले."

"हार्कनेसला ठाऊक असतं का, कुठे बसायचं?"

"त्याला? जवळ दिसेल त्या खुर्चीत पसरतो तो. शनिवारी जाताना मीच पढवून पाठवलं. म्हटलं, आत गेलास की दारापासून लांबच्या सोफ्यावर बस, संकोचू नकोस. पाहुण्याची जागा आहे ती. साहेब दाराकडच्या खुर्चीत बसतील, कारण यजमान ते."

"साहेब तर आम्हाला सोफ्यावर बसवलेले सापडले," कुरामोची म्हणाला. कात्सुरासाहेब सोफ्यावर, खोलीतल्या सगळ्यात मानाच्या जागी बसलेले त्याने पाहिले होते. इतके जागच्या जागी, की मेलेला यजमान पाहुण्याच्या जागी का बसवलाय हे त्या खोलीत वावरलेल्या कुणाच्याच डोळ्यांत खुपलं नव्हतं. त्याच्याही.

"बाई, कात्सुरासाहेब पाहुण्यासाठी स्वतः चहा करतील?"

ओरिए हसली आणि हसताना टाके ओढले गेले म्हणून कळवळली. "इन्स्पेक्टर, त्यांना चहाची पूड कुठल्या फळीवर असते हे विचारलं असतं तर त्यांनी बैठक बोलावली असती."

"मग शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, चहा कुणी केला असेल?"

"ज्याला त्यांनी बोलावलं तर 'कशाला' असं विचारणार नाही, अशा कुणीतरी. आणि ज्याला पाहुण्यासमोर आणायचं नव्हतं." ती उठली, कोट खांद्यावर टाकू लागली. दारापाशी वळून म्हणाली, "त्यांना सोफ्यावर बसवलं होतं म्हणता? मी असते तर तिथेच पडू दिलं असतं."

४

दुपारी बँकेत, शेजारच्या तशाच खोलीत, कुरामोचीने दोघांना बोलावलं. आधी ज्येष्ठ संचालक सेगावा आले. कात्सुरांच्या वरचे. अध्यक्षपदासाठी दोघांत चुरस होती हे बँकेत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी 'बसू का' असं विचारलं नाही. सरळ जाऊन लांबच्या सोफ्यावर टेकले आणि पोलिसांनाच दाराकडची खुर्ची दाखवली.

त्यांच्यामागोमाग चहाचा ट्रे घेऊन मुनाकाता आला. कात्सुरांच्या हाताखालचा विभागप्रमुख, पंचेचाळिशीचा, एका दिवसात गाल आत गेलेले. तो उजवा खांदा सांभाळत डाव्या हाताने चहा ओतत होता आणि त्याबद्दल पुन्हा पुन्हा माफी मागत होता.

"खांद्याला काय झालं?" कुरामोचीने विचारलं.

"जिन्यावरून घसरलो. शनिवारी घरीच होतो मी, साहेब गेल्याचं बातम्यांतच कळलं." मग दाराजवळच्या दुसऱ्या खुर्चीच्या कडेला, बसल्यासारखं करून तो टेकला. "परक्याला फाशी होईल ना?"

"तुम्हाला काय वाटतं?"

मुनाकाता रिकामा ट्रे उचलायला उठला. कुरामोचीने त्याला जाऊ दिलं, आणि दार बंद झाल्यावर सेगावांकडे वळला.

"साहेब, शनिवारी दुपारी तुम्ही याच मजल्यावर होतात."

"सांगितलंय मी. माझ्या खोलीत. परक्याचा आरडाओरडा ऐकला, मग लिफ्ट. बस."

"आणि लिफ्ट गेल्यावर?"

"काही नाही."

"मी तुमच्या खोलीत उभा राहून पाहिलं. भिंतीपलीकडे, खुनाच्या खोलीत, माझ्या माणसाने खुर्ची सरकवली, तर इकडे पेन्सिल हलली. एका माणसाचं डोकं फुटत होतं आणि तुम्ही काहीच ऐकलं नाही?"

सेगावांनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, मान तेवढी लाल झाली.

"लिफ्ट गेल्यावर थोड्या वेळाने," ते सावकाश म्हणाले. "धप्पधप्प आवाज आला. गादी झोडपावी तसा. खूप वेळ. मग कुणीतरी रडत होतं. 'माफ करा, माफ करा' म्हणत काहीतरी जड ओढत होतं."

"कुणाचा आवाज?"

"भिंतीतून ओळखू आला नाही."

"कुठल्या भाषेत माफी मागत होता?"

"आपल्या."

"तरी तुम्ही अमेरिकनाला फासाकडे जाऊ दिलंत."

"इन्स्पेक्टर, परक्याने मारलं तर बँकेवर अन्याय झाला असं होतं. घरच्या माणसाने मारलं, तर घरात काय चाललंय असं लोक विचारतात. उद्या नऊला बाजार उघडतोय."

"उद्या नऊला तो माणूस सरकारी वकिलापुढे उभा राहतोय."

"तुमचं काम तुम्ही करा," सेगावा म्हणाले. "मी माझं करतोय." पण जबानीवर त्यांनी सही केली. दुसऱ्या माणसाचा जीव नव्हे, पुढे आपल्यावर बालंट येईल ही भीती त्यांना हलवून गेली, हे कुरामोचीने पाहिलं.

ती जबानी योनेकुरांनी वाचली आणि टेबलावर फेकली. "भिंतीपलीकडचा हुंदका. एवढ्यावर मी परक्याला सोडू? त्याने तासाभरापूर्वी कबुली लिहून दिलीय."

५

सोमवारी सूर्य वर आला तेव्हा कुरामोची मुनाकाताला घेऊन रक्ताच्या त्या खोलीत आला. रक्त वाळून तपकिरी झालं होतं, वास मात्र तसाच होता. मुनाकाता उंबऱ्यात थबकला.

"या. तुम्ही शनिवारीही इथे होतात."

"मी घरी—"

"बेसमेंटमधून आलात, साहेबांना तुमच्याच गाडीत घेऊन. बँकेचा ड्रायव्हर साहेबांना नको होता. शेजारच्या खोलीत तुम्ही चहा केलात, साहेबांनी दारातूनच ट्रे घेतला. अमेरिकनाला वाटलं चहा त्यांनीच केला. त्याला बिचाऱ्याला काय कळणार."

मुनाकाताची नजर गालिच्यावरच्या पट्ट्यावर गेली.

"मला कोडं होतं ते त्या पट्ट्याचं. सत्तर-ऐंशी किलोचा माणूस रक्तातून ओढत न्यायचा, स्वतःचा खांदा निखळवायचा, त्यात मिळवलं काय? काहीच नाही. मग मी फायदा शोधणं सोडून दिलं. पाहुणा निघून गेल्यावर या खोलीत कात्सुरासाहेब सगळ्यांत मोठे होते. दाराकडच्या खालच्या खुर्चीत ते वेडेवाकडे पडलेत, कोट उघडा, टाय सुटलेला, हे कुणाला पाहवलं नसतं? अमेरिकनाला ती खुर्ची खालची हेच ठाऊक नाही. सेगावासाहेबांनी त्यांना जिवंतपणी वर बसू दिलं नसतं, मेल्यावर कशाला बसवतील? ते ज्याचे साहेब होते, मारतानाही ज्याच्या मनातून त्यांचं साहेबपण गेलं नाही, असाच माणूस हे करणार. तुम्हाला आठवतंय तरी का, तुम्ही काय केलंत?"

मुनाकाता रिकाम्या सोफ्याकडे बघत होता. "आठवत नाही," तो म्हणाला. "बटणं लावल्याचं आठवतं. एक बटण बसत नव्हतं."

कुरामोचीने एक कोरडी खुर्ची पुढे ओढली, मुनाकाता तिच्यावर टेकला.

"गेल्या वसंतात साहेबांनी मला गिऱ्हाइकांकडे पाठवलं," मुनाकाता बोलू लागला. "ओतकामाचे कारखाने, जहाजांचे दोर वळणारे, एक म्हातारा सोया सॉस करणारा. प्रत्येकाच्या चटईवर कपाळ टेकून मी सांगितलं, बँक तुमचे शेअर विकणार नाही, तुम्ही आमचे विकू नका. ते थांबले. भाव पडत गेले, तरी थांबले. घरं गहाण टाकून थांबले. शनिवारी परका गेला आणि साहेबांनी मला आत बोलावलं. अंगठीवरचं रक्त पुसत होते. म्हणाले, सोमवारी सगळं विकायचं, कुणाला कुणकुण लागता कामा नये. मी म्हटलं, साहेब, मी शब्द दिलाय. ते म्हणाले," त्याचा आवाज अगदी बारीक झाला, "'तुझ्या शब्दाचा भाव काय?' माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"आणि तुम्ही ॲशट्रे उचललात."

"पहिल्या फटक्याला त्यांनी वर पाहिलं. तेव्हा थांबायला हवं होतं. ते बघत होते म्हणूनच थांबलो नाही."

"मुनाकातासान, मेलेल्याला तुम्ही जागा दिलीत. जिवंत माणूस फासाकडे निघाला होता, त्याचं काय?"

"तो परका होता," मुनाकाता म्हणाला. त्यात राग नव्हता. पावसाळी हवेत छत्री घेतली होती म्हणावं, तसं.

मग तो उठला आणि कुरामोचीला कळायच्या आत खिडकीकडे धावला. डोकं काचेवर आदळलं, काच थरथरली पण फुटली नाही. तो मागे सरून पुन्हा आदळला, पुन्हा, रक्त काचेवर पसरत गेलं. कुरामोचीने मध्ये हात घातला. हाताचं हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतःच ऐकला. दोघं गालिच्यावर कोसळले, वाळलेल्या त्या पट्ट्यावर. मुनाकाता त्याच्याखाली तडफडत होता, चावत होता, आणि मध्येच ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात माफी मागत होता. बाहेरचे शिपाई धावत येईपर्यंत कुरामोचीने त्याला धरून ठेवलं.

योनेकुरांना फोन केला तेव्हा त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. "त्याला सोडतो," ते शेवटी म्हणाले. "शर्ट बदलून देऊ का त्याला?"

"विचारा त्यालाच," कुरामोची म्हणाला.

कपाळाला पट्टी बांधून, हातकड्यांवर टॉवेल टाकून मुनाकाताला खालच्या दालनात आणलं तेव्हा बँकेची दारं नुकतीच उघडली होती. मोठ्या दारातून हार्कनेस आत येत होता. एक डोळा सुजून मिटलेला, रक्ताच्या शर्टावर कोट, हातात बॅग. मागे पट्टीतला हात सांभाळत ओरिए. लिफ्टपाशी सेगावा स्वतः उभे होते, आणि त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. शनिवारी याच माणसाला त्यांनी फासाकडे जाऊ दिलं होतं.

"वर खोली तयार आहे," सेगावा म्हणाले.

हार्कनेसने चालता चालता मुनाकाताकडे पाहिलं. तो ओळखत नव्हता, त्याने नुसती मान हलवली. ओरिएने ओळखलं. ती क्षणभर थांबली आणि जमिनीकडे बघत पुढे गेली.

"तो कशाला आलाय?" मुनाकाताने विचारलं.

कुरामोचीचा मोडलेला हात आता ठणकू लागला होता. खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. "तुम्हाला माहीत आहे कशाला," तो म्हणाला.

लिफ्टचं दार मिटलं. मुनाकाता त्या बंद दाराकडे बघत राहिला. मग त्याने टॉवेलखालचे हात जरासे वर केले, भीक मागावी तसे.

"साहेब, एक फोन करू द्याल?"

"वकिलाला?"

"नाही. त्यांना. सोया सॉसवाल्यांना, ओगाकी गावातल्या कारखान्यात. पहाटे उठतात ते, आत्ता तिथेच असतील. एवढंच सांगतो, आजच विका, बँकेची वाट बघू नका."

कुरामोचीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आरोपीला असा फोन करू देता येत नाही, आणि हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. त्याने चांगल्या हाताने मुनाकाताचा दंड धरला आणि त्याला सार्वजनिक फोनपाशी नेलं, खिशातून नाणं काढलं, विचारलं, "नंबर?"

मुनाकाताने तोंडपाठ सांगितला. पलीकडे घंटा वाजत राहिली. कुरामोची त्याच्या कानाशी फोन धरून उभा राहिला. बऱ्याच वेळाने एका म्हाताऱ्या आवाजाने फोन उचलला, आणि ओळख पटताच आनंदाने म्हणाला, "मुनाकातासान? काळजी करू नका हो. आम्ही अजून एकही विकलेला नाही."